टायरची हवा अंगणातच भरा, तीही सकाळी गार असताना! छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर नेमका वापरायचा कसा?

जुन्नर / मंचर : लग्नाहून परतताना रात्री अकराच्या सुमारास गाडी अचानक एका बाजूला ओढायला लागते. उतरून बघावं तर मागचा टायर अर्धा बसलेला. दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस, रस्त्यावर दिवा नाही, पंक्चरचं दुकान केव्हाच बंद झालेलं. गाडीत म्हातारी माणसं आणि लेकरं. स्टेपनी काढावी तर तिच्यातही हवा नाही!

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात गाडी चालवणाऱ्या अनेकांना हा प्रसंग नवा नाही. म्हणूनच डिक्कीत ठेवायचा छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर, म्हणजे लोकांच्या भाषेत 'हवेचं मशीन', आता गावोगावी दिसू लागलंय. दीड-दोन हजार रुपयांपासून ते मिळतं. पण घेतलेलं मशीन बहुतेकांच्या डिक्कीत पडून असतं आणि पंक्चर झाल्यावरच त्याची आठवण होते. खरं तर त्याचा मोठा उपयोग पंक्चर झाल्यावर नाही, तर घरून निघायच्या आधी आहे. तो कसा, ते समजून घेऊ.

गाडीचं ओझं रबर नाही, हवा पेलते

चार माणसं बसलेली छोटी कार साधारण हजार किलोच्या पुढे भरते. म्हणजे एका टायरवर अडीचशे किलोच्या आसपास वजन येतं. टायरमध्ये 32 पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो इतका तो दाब होतो. हिशेब केला तर एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम हाताच्या पंजाएवढा निघतो. अख्खं कुटुंब अशा चार पंजांवर घाट उतरत असतं.

हवा कमी झाली की टायर जास्त पसरतो आणि प्रत्येक फेऱ्याला त्याच्या बाजू दुमडतात. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते, तसंच टायरचं होतं. आत उष्णता साठत जाते आणि एप्रिल-मे महिन्यात पुणे-नाशिक महामार्गावर वेगात असताना असा टायर फुटू शकतो. पावसाळ्यात माळशेजकडे जाताना कमी हवेचा टायर रस्त्यावरचं पाणी नीट बाजूला सारत नाही आणि गाडी घसरते. इंधनही जास्त जळतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबानुसार चारही टायरमध्ये सरासरी 1 पीएसआय हवा कमी झाली की मायलेज सुमारे 0.2 टक्क्यानं घटतं. आकडा लहान वाटतो, पण आठ-दहा पीएसआय कमी असलेल्या गाड्याही रस्त्यावर सर्रास फिरतात.

'मग दोन-चार पीएसआय जास्तच भरू' हाही उपाय नाही. जास्त हवेनं टायर मधोमध फुगतो, रस्त्यावरची पकड कमी होते, मधली नक्षी आधी झिजते आणि खड्ड्यात आदळल्यावर टायरला इजा व्हायची शक्यता वाढते.

पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असतो

इथंच अनेकांची चूक होते. कंपनीनं सांगितलेला हवेचा आकडा हा गार टायरसाठी असतो. गार म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर एक-दीड किलोमीटर चाललेली.

आता आपल्या भागाचा विचार करा. नारायणगाव, आळेफाटा, मंचर, कळंब ही महामार्गावरची गावं सोडली तर हवा भरायची सोय घराजवळ कुठं असते? घाटघर-नाणेघाटच्या बाजूनं जुन्नरला यायचं किंवा आहुप्याहून डिंभे मार्गे घोडेगावला यायचं, तर टायर वाटेतच तापतो. तापला की आतली हवा प्रसरण पावते आणि दाब 3 ते 5 पीएसआयनं वाढलेला दिसतो. प्रत्यक्षात 28 असलेली हवा पंपावरच्या मीटरवर 32 दिसते. 'हवा बरोबर आहे' म्हणून गाडी पुढं निघते आणि कमी हवेचा टायर तसाच राहतो.

ऋतूचाही फरक पडतो. साधारण 5 ते 6 अंश तापमान उतरलं की दाब 1 पीएसआयनं कमी होतो. दुपारी 35 अंशांत 33 पीएसआय भरलेली हवा हिवाळ्यातल्या 10 अंशांच्या पहाटे 29 च्या आसपास भरते. टायर पंक्चर नाही, व्हॉल्व्हही गळत नाही, तरी हवा कमी! शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण 1 पीएसआय हवा आपोआप झिरपते.

म्हणून अंगणात उभ्या गाडीची हवा सकाळी मोजायची आणि तिथंच भरायची, हा या मशीनचा खरा फायदा आहे. पेट्रोल पंपावरची हवा वाईट आहे असा याचा अर्थ नाही. तेल कंपन्यांच्या नियमानुसार पंपावर हवा मोफत मिळायला हवी, तो ग्राहकाचा हक्क आहे. पंप घराजवळ असेल आणि मीटर नीट असेल तर वेगळं मशीन घेण्याची गरजही नाही.

आधी आकडा शोधा

'सगळ्या गाड्यांना 35 भर' हा सल्ला ऐकू नका. गाडीचा आकडा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडल्यावर चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत असतो. पुढच्या आणि मागच्या टायरचे आकडे वेगळे असू शकतात. कमी माणसं आणि पूर्ण भरलेली गाडी यांचेही दोन आकडे दिलेले असतात. देवदर्शनाला पाच माणसं आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा बघायचा.

टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. तो भरायचा आकडा नाही. ही गल्लत अनेक जण करतात.

मशीनवर पीएसआय, बार, केपीए अशी वेगवेगळी मापं असतात. 32 पीएसआय म्हणजेच सुमारे 2.2 बार किंवा 220 केपीए. स्क्रीनवर कोणतं माप निवडलंय ते आधी बघा.

हवा भरायची पद्धत

1. गाडी सपाट जागी, मोकळ्यावर उभी करा आणि हँडब्रेक ओढा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि तो जीव घेऊ शकतो.

2. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर, म्हणजे सिगारेट लायटरच्या जागी चालणारं मशीन असेल तर आधी इंजिन सुरू करा, म्हणजे बॅटरी उतरणार नाही. गाडी न्यूट्रलला असावी आणि लहान मुलं आत नसावीत.

3. व्हॉल्व्हचं झाकण काढून खिशात ठेवा. मातीत पडलं की सापडत नाही.

4. मशीनची नळी व्हॉल्व्हवर पूर्ण आट्यांनी बसवा. 'फुस्स' आवाज येत राहिला तर ती नीट बसलेली नाही. स्क्रीनवर आधीची हवा दिसेल. ती कागदावर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा.

5. हवा तेवढा आकडा लावा आणि मशीन सुरू करा. डिजिटल मशीन त्या आकड्यावर आपोआप बंद होतं. काट्याचं मशीन असेल तर मधे बंद करून आकडा वाचा, कारण चालू असताना काटा थोडा जास्त दाखवतो.

6. नळी झटकन सोडवा. सोडवताना थोडी हवा जातेच. नळीचं पितळी टोक तापलेलं असतं, हाताला चटका बसू शकतो.

7. थुंकी किंवा साबणाचं पाणी व्हॉल्व्हवर लावा. बुडबुडे आले तर आतली पिन गळतेय, पंक्चरवाल्याकडून ती बदलून घ्या. मग झाकण लावा. हे झाकण व्हॉल्व्हमध्ये धूळ-माती जाऊ देत नाही.

8. चार टायर झाले की स्टेपनीही तपासा. सीएनजीच्या गाडीत टाकीमुळे स्टेपनीपर्यंत हात पोहोचणं अवघड असतं, म्हणून ती वर्षानुवर्षं कोणी बघत नाही आणि नेमक्या वेळी तीच रिकामी निघते.

टायर गरम असताना आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढायची नाही. गार झाल्यावर ती कमी भरेल. गरम असताना कमी दिसली तर मात्र भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये साधी हवा चालते का, असंही विचारलं जातं. चालते. आपल्या नेहमीच्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो.

किती वेळ लागतो? मशीन गरम का होतं?

मशीनच्या डब्यावर 'लिटर प्रति मिनिट' असा आकडा असतो. छोट्या कारच्या टायरमध्ये साधारण 30 लिटर जागा असते. मिनिटाला 35 लिटर हवा ओढणारं मशीन 25 पीएसआयचा टायर 32 वर न्यायला एक-दोन मिनिटं घेतं. पूर्ण रिकामा टायर भरायला पाच मिनिटं किंवा थोडी जास्त लागू शकतात. डब्यावर '150 पीएसआय' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण त्यावरून मशीन किती वेगानं भरेल ते कळत नाही. घेताना लिटरचा आकडा बघावा.

सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम होतं, तेच इथं घडतं. हवा दाबली की तापते. छोट्या मशीनला ही उष्णता बाहेर टाकायला वेळ लागतो. म्हणून पुस्तिकेत 'दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं थांबवा' अशा प्रकारची सूचना असते. ती न पाळता चारही टायर सलग भरले तर मोटार जळते आणि दोष मशीनला दिला जातो.

फ्यूजच्या जागी तार नको

अनेक गाड्यांचं सॉकेट 120 वॅट, म्हणजे 12 व्होल्टला 10 अँपिअर एवढाच भार सोसतं. मशीन त्याहून मोठं असेल तर फ्यूज उडतो. मग जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा चक्क तांब्याची तार घालायचा जुगाड केला जातो. तो जिवावर बेतू शकतो. फ्यूज उडणं बंद होतं, पण वायर आतून तापते आणि गाडी पेटण्याचा धोका तयार होतो. मोठं मशीन घ्यायचं असेल तर थेट बॅटरीला चिमटे लावता येतील असं घ्यावं. सॉकेटवरचं घ्यायचं असेल तर मशीनचे वॅट आणि गाडीच्या पुस्तिकेतला सॉकेटचा आकडा जुळवून घ्यावा.

मोबाईलसारखी चार्जिंगची मशीनंही आली आहेत. दुचाकीसाठी ती सोयीची पडतात. पण महिन्यातून एकदा चार्ज करावी लागतात, नाहीतर ऐन वेळी बंद! उन्हात तापलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ती ठेवू नयेत. आतली लिथियम बॅटरी उष्णतेनं खराब होते.

पिकअप आणि ट्रॅक्टरला चालेल का?

टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या पिकअपच्या मागच्या टायरला कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते. आकडा गाडीच्या स्टिकरवर बघावा आणि मशीन तेवढ्या दाबावर सलग काम करू शकतं का ते विचारून घ्यावं. माल भरायच्या आधी, रिकामी गाडी गार असतानाच हवा तपासायची. माल लादल्यावर टायर बसलेला दिसतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला दाब कमी लागतो, पण जागा प्रचंड असते. कारच्या छोट्या मशीननं तो भरायला गेलं तर मोटार तापून बसेल. त्यात पाणी भरलेलं असेल तर ते नळीत येऊन मशीन बिघडू शकतं. ट्रकच्या टायरला तर हे मशीन लावूच नये. त्याचा दाब फार मोठा असतो आणि काही ट्रकची रिंग सुटून उडण्याचा धोका असतो. ते काम दुकानातच व्हायला हवं.

रात्री पंक्चर झाल्यावर

हे मशीन पंक्चर काढत नाही. ते फक्त दुकानापर्यंत किंवा घरापर्यंत पोहोचायला वेळ मिळवून देतं. कधी भरायचं आणि कधी हात लावायचा नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवावं.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसलाय आणि हवा हळूहळू जातेय, तर खिळा उपसू नका. तोच बुचासारखं काम करतो. हवा भरा, सावकाश निघा, दर चार-पाच किलोमीटरवर थांबून बघा आणि पहिल्या दुकानात पंक्चर काढून घ्या.

टायरच्या बाजूला चीर आहे, फुगा आलाय किंवा आतले धागे दिसतायत, तर हवा भरू नका. पूर्ण बसलेल्या टायरवर गाडी लांबवर चालवली असेल तरी भरू नका. अशा टायरची बाजू आतून चिरडलेली असते, बाहेरून ते दिसत नाही आणि हवा भरताना तो फुटू शकतो. तिथं स्टेपनीच लावायची. टायर रिमवरून सुटला असेल तर छोट्या मशीननं तो बसत नाही. त्याला दुकानातल्या टाकीच्या हवेचा एकदम झोत लागतो.

कोणताही टायर भरताना त्याच्या बाजूसमोर तोंड करून बसू नका. नळीच्या लांबीइतकं दूर, टायरच्या पुढं किंवा मागं उभं राहा.

2020 साली केंद्र सरकारनं नियम बदलले. ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल तर कारला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. नवी गाडी घेतली असेल तर डिक्कीत स्टेपनी आहे की फक्त मशीन आणि औषधाची बाटली, ते आजच उघडून बघा. रस्त्यात कळून उपयोग नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे बिबट्या. जुन्नर वन विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात आणि इथल्या उसात बिबट्यांचा वावर कायम आहे. जमिनीवर वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो. टायरला हवा भरताना माणूस नेमका तसाच बसतो. म्हणून अंधारात उसाच्या कडेला काम काढू नये. टायर पूर्ण बसलेला नसेल तर अगदी सावकाश गाडी वस्तीजवळ, हॉटेलच्या किंवा दुकानाच्या उजेडात न्यावी. तिथंच थांबणं भाग असेल तर मुलांना आत बसवा, दिवे आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी चालू ठेवा. एकानं काम करावं, दुसऱ्यानं बॅटरी घेऊन उभं राहून चौफेर लक्ष ठेवावं.

महामार्गावर मात्र मोठा धोका मागून येणाऱ्या गाड्यांचा असतो. गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण मागं बऱ्याच अंतरावर ठेवा आणि माणसांना रस्त्यापासून लांब उभं करा. टायर रस्त्याच्या बाजूचा असेल तर तिथं बसून हवा भरण्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी न्यावी, रिम खराब झाली तरी चालेल. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि कुठल्याही आणीबाणीत 112 हे क्रमांक आहेत.

महिन्यातून एक सकाळ

महिन्यातली एक तारीख ठरवून घ्या. त्या दिवशी सकाळी गाडी हलवायच्या आधी पाचही टायरची हवा मोजायची आणि आकडे लिहून ठेवायचे. लांबच्या प्रवासाच्या दिवशीही हेच. सगळ्या टायरमध्ये एक-दोन पीएसआय कमी झालं असेल तर काळजी नाही, भरून टाका. पण तीन टायर 31 वर आणि एकच 25 वर असेल, तर त्यात बारीक पंक्चर आहे किंवा व्हॉल्व्ह गळतोय. तो टायर त्याच दिवशी उजेडात पंक्चरवाल्याला दाखवा. रात्री अकरा वाजता उसाच्या कडेला बसणारा टायर बहुतेक वेळा हाच असतो.